मासे येण्यापूर्वीचे पाणी

नव्या टाकीच्या तळाशी वाळू पसरली, नळाचे पाणी भरले, फिल्टर सुरू केला आणि दिव्याच्या उजेडात ते पाणी आरपार नितळ दिसू लागले, म्हणजे टाकी माशांच्या वास्तव्यास सिद्ध झाली, असा जो समज आपल्या घराघरांतून दृढमूल झालेला आहे, त्याच्यापायी दरवर्षी किती जीव विकत आणल्यापासून पंधरवड्याच्या आत प्राणास मुकत असतील, याची नोंद कोणत्याच दप्तरी होत नाही. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो, त्याचे कल्ले लालभडक होतात, आणि एके सकाळी तो उलटा तरंगताना दिसतो. मग कोणी थंडीला दोष देतो, कोणी दुकानदाराला, कोणी दृष्टीला. वस्तुतः बहुतेक वेळा त्या माशाचा घात त्याच्याच शरीरातून बाहेर पडलेल्या अमोनियाने केलेला असतो, आणि त्या अमोनियाची विल्हेवाट लावणारे जिवाणू त्या टाकीत अद्याप वस्तीलाच आलेले नसतात.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे अहोरात्र अमोनिया सोडीत असतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच निर्माण होतो. नदीत वा तळ्यात पाण्याचा विस्तार अफाट असल्यामुळे तो विरून जातो. दोन फुटी टाकीत मात्र तो साचतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत जिवाणूंचा एक वर्ग या अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा वर्ग त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. यांपैकी नायट्राइटही विषारीच, कारण ते माशाच्या रक्तात शिरून हिमोग्लोबिनचे असे रूपांतर करते की, पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो आणि त्याचे रक्त तपकिरी पडते. नायट्रेट मात्र पुष्कळच सौम्य असून आठवड्याच्या पाणीबदलाने त्याचा बंदोबस्त होतो. या दोन्ही वर्गांची वस्ती वाळूच्या कणांवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर होते, आणि ती पुरेशी दाट होण्यास महिना-दीड महिना लागतो. हा काळ माशांच्या जिवावर काढावयाचा, की एकही मासा न आणता अमोनिया आपल्या हाताने घालून काढावयाचा, एवढाच खरा प्रश्न आहे. आणि त्याचे सुसंस्कृत माणसाला शोभणारे उत्तर दुसरे आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. हौशी मंडळी या क्रियेला सायकलिंग म्हणतात. आपण टाकी मुरवणे म्हणू.

या क्रियेचे मर्म ज्या प्रयोगाने प्रथम उघड झाले, तो मत्स्यपालनासाठी केलेलाच नव्हता. 1877 साली श्लोझिंग आणि म्यूंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी काचेच्या एका लांब नळीत तापवून निर्जंतुक केलेली वाळू आणि चुनखडीची भुकटी यांचे मिश्रण भरले, आणि तीमधून पॅरिसचे सांडपाणी अत्यंत संथ गतीने झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस अमोनिया जसा आत गेला तसाच बाहेर आला. त्यानंतर मात्र नायट्रेट दिसू लागले, ते वाढत गेले आणि अमोनिया नाहीसा झाला. ही केवळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हावयास हवी होती. वीस दिवसांचा तो विलंब हाच सजीवांच्या वाढीचा पहिला पुरावा होता. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया थांबली. वाफ काढून घेतल्यावरही ती आपण होऊन सुरू होईना. बागेतील मातीचे धुवण नळीत ओतले, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा नायट्रेट उतरू लागले. नव्या टाकीपुढे बसून तिसऱ्या आठवड्यात धीर सोडणाऱ्या माणसाने हा प्रयोग ध्यानात ठेवावा, आणि त्यातील चुनखडीही ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपणांस पुढे यावयाचे आहे.

याच इतिहासात पितापुत्रांची एक जोडी आहे, आणि ती मला विलक्षण वाटते. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनज्ञाने 1850 साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे असे मांडले की, काचेच्या पात्रात सोनमासे, वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ घातला तर पाणी न बदलताही जीव टिकतात. घरगुती मत्स्यालयाच्या छंदाची पायाभरणी करणाऱ्यांत त्याची गणना होते. त्याचाच त्याच नावाचा मुलगा पुढे रॉथमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात मातीतील नत्रीकरणाचा, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होण्याच्या क्रियेचा, अभ्यास करीत बसला, आणि ही क्रिया दोन टप्प्यांची असून ते टप्पे भिन्न जिवाणूंकडून पार पडतात, या निष्कर्षाप्रत येऊन पोचला. ते जिवाणू वेगळे काढून वाढविण्याचे श्रेय मात्र 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये काम करणाऱ्या विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे जाते. बापाच्या काचपात्रात माशांना जगविणारी जी अदृश्य यंत्रणा वनस्पतींच्या जोडीने काम करीत होती, तिचा उलगडा मुलाने शेतातील मातीत केला. परंतु छंदाच्या जगात ते ज्ञान रुजण्यास पुढे अनेक दशके जावी लागली.

आता कृतीकडे वळू. अमोनियाचा सर्वांत सोयीस्कर स्रोत म्हणजे नवसागर, अर्थात अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्यांच्या कामाचा बाजारी नवसागर अशुद्ध असण्याचा संभव असल्यामुळे प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा आणावा. पाण्यात दर लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया व्हावा एवढी मात्रा पुरे. त्याकरिता 50 लिटर पाण्याला सुमारे 0.31 ग्रॅम नवसागर लागतो. इतके सूक्ष्म वजन घरी करणे अवघड, म्हणून 3.1 ग्रॅम नवसागर 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवावा आणि त्यातील 10 मिलिलिटर एका वेळी घालावे. मात्रा अधिक घातल्याने काम लवकर होईल ही अटकळ चुकीची आहे. अमोनिया 5 मिलिग्रॅमच्या पलीकडे गेला म्हणजे ज्या जिवाणूंना आपण निमंत्रण देतो आहोत त्यांचीच वाढ खुंटू लागते. पाण्याचे तापमान 25 ते 30 अंशांच्या दरम्यान असावे, हवेचा पंप अखंड चालू असावा, आणि दिवा बंद ठेवावा, म्हणजे शेवाळाला आयते फावणार नाही.

सर्व यथास्थित घडले तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट वर चढते. ते बराच काळ हटून बसते, आणि एका पंधरवड्याने वा त्याहून काहीशा विलंबाने दोन-तीन दिवसांत एकाएकी नाहीसे होते. दुधात वा शिळ्या अन्नात वाढणारे सामान्य जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. नत्रीकरण करणाऱ्यांना त्यासाठी अनुकूल परिस्थितीतही आठ तासांपासून एक दिवसापर्यंतचा अवधी लागतो. तेव्हा पहिल्या दहा दिवसांत आकडा हलला नाही तर ती तक्रार नव्हे, तो शिरस्ताच आहे. खरी चौकशी करावयाची ती त्याच्या पुढे.

चौकशीत सर्वप्रथम साक्षीदाराची विश्वासार्हता तपासावी, आणि येथे साक्षीदार म्हणजे तपासणीचा संच. अमोनिया मोजण्याच्या जुन्या नेस्लर पद्धतीच्या द्रावणात क्लोरीन मारण्याच्या औषधाने बिघाड होऊन खोटा रंग येऊ शकतो. सॅलिसिलेट पद्धतीचा, म्हणजे पिवळ्यावरून हिरव्याकडे जाणारा संच अधिक इतबाराचा. नायट्रेटच्या बहुतेक संचांत नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मग तेच मोजले जाते, आणि म्हणून टाकीत नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटचा मोठा आकडा दिसला तर त्यावर विसंबू नये. तिसरी गफलत सर्वांत अधिक लोकांना चकविते. नायट्राइटचा रंग तक्त्यावरील शेवटच्या घराला टेकलेला असतो आणि तो आठवडाभर तेथेच राहतो. माणूस समजतो की क्रिया थांबली, परंतु प्रत्यक्षात नायट्राइट तक्त्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेलेले असून खाली येत असले तरी ते दिसण्याचा मार्गच नसतो. एक भाग टाकीचे पाणी आणि नऊ भाग गाडीच्या बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी एकत्र करून तपासावे आणि येणाऱ्या आकड्याला दहाने गुणावे, म्हणजे खरी परिस्थिती कळते. अमोनियाच्या प्रत्येक मिलिग्रॅमपासून सुमारे 2.7 मिलिग्रॅम नायट्राइट तयार होते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला रोज 2 मिलिग्रॅम अमोनिया ओतल्यावर आठवड्याभरात काय साचेल याचा हिशेब कागदावरच मांडता येईल.

अमोनियाच मुळी उतरत नसेल, तर पहिला संशय क्लोरीनवर घ्यावा. आपल्या नगरपालिका पाणी निर्जंतुक करण्यासाठी क्लोरीन घालतात, आणि तो टाकीत आला म्हणजे पॅरिसच्या नळीत क्लोरोफॉर्मने जे केले तेच करतो. पाणी बादलीत उघडे ठेवून त्यात दिवसभर हवा सोडली तर तो उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे एके काळी प्रत्येक छायाचित्रकाराच्या अंधारखोलीत असणारा हायपो, काही थेंबांत त्याचा निकाल लावतो. पाणीबदलाच्या वेळी घाईने नळ थेट टाकीत सोडणाऱ्याची आठवड्यांची मेहनत एका मिनिटात वाया जाऊ शकते.

परंतु आपल्या प्रदेशापुरते पाहिले तर ज्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि ज्याने सर्वांत अधिक टाक्या अडतात, ते कारण माझ्या मते कार्बोनेटची उणीव हे होय. अमोनियाचे नायट्राइट होताना आम्ल निर्माण होते. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट हे आम्ल शोषून घेतात आणि पाण्याचा सामू स्थिर राखतात. या क्रियेत ते स्वतः खर्ची पडतात, आणि संपले म्हणजे सामू एका रात्रीत कोसळतो. हा खर्च अगदी नेमका सांगता येतो: 2 मिलिग्रॅम अमोनियाची एक मात्रा संपूर्ण रूपांतरित होण्यास दर लिटरमागे सुमारे 12 मिलिग्रॅम कार्बोनेट, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने, लागते. आता मुंबई किंवा पुणे यांसारख्या शहरांना पाणी पुरविणारी धरणे सह्याद्रीच्या पावसावर भरतात. ते पाणी कठीण बेसॉल्टवरून वाहत आलेले असल्यामुळे सामान्यतः मृदू असते. ज्या पाण्यात या मापाने 40 मिलिग्रॅम कार्बोनेट आहे, ते पाणी अमोनियाच्या तीन-चार मात्रांतच निःसत्त्व होते. त्यानंतर सामू साडेसहाच्या खाली जातो तेव्हा जिवाणू मंदावतात, आणि सहाच्या खाली गेला की जवळजवळ स्वस्थ बसतात. अमोनिया आहे तेथेच राहतो, नायट्राइट आहे तेथेच राहते, आणि मालक मात्र रोज जिवाणूंची नवी बाटली आणून ओततो.

विंधणविहिरीचे वा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्यांना हा अनुभव क्वचितच येतो. ज्या क्षारांमुळे त्यांच्या गिझरवर पुटे चढतात, तेच येथे त्यांच्या उपयोगी पडतात. याच्या उलट, माशांना शुद्धातले शुद्ध पाणी द्यावे या प्रेमळ हेतूने जो आरओ यंत्राचे पाणी टाकीत भरतो, तो सर्वाधिक अडचणीत येतो, कारण त्या यंत्राने कार्बोनेट तर काढून टाकलेलेच असते, शिवाय जिवाणूंच्या वाढीला लागणारे अल्पस्वल्प फॉस्फेटही काढून टाकलेले असते.

म्हणून सामू आणि कार्बोनेट या दोहोंची तपासणी अमोनियाइतक्याच नियमाने करावी. कार्बोनेट मोजण्याचा संच, ज्याला दुकानात केएचचा संच म्हणतात, थेंब मोजण्याचा असतो आणि मुलालाही वापरता येतो. उणीव आढळली तर स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, 100 लिटर पाण्यास सुमारे 3 ग्रॅम घातल्याने केएच एक अंशाने, म्हणजे दर लिटरमागे सुमारे 18 मिलिग्रॅमने, वाढतो. तो चार-पाच अंशांवर ठेवावा. ज्यांना कायमची तजवीज हवी असेल त्यांनी स्वच्छ धुतलेले कुटलेले शिंपले वा प्रवाळाचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवावेत; सामू उतरू लागला की ते आपण होऊन विरघळतात. फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूत चुनखडी मिसळली होती ती याच कारणासाठी.

सामू वर आणताना एक गोष्ट विसरू नये. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो: एक मुक्त अमोनिया, जो विषारी, आणि दुसरे अमोनियम, जे त्या मानाने निरुपद्रवी. 25 अंश तापमानाला सामू 7 असताना मुक्त अमोनियाचा वाटा शेकडा अर्ध्याच्या आसपास असतो. सामू 8 झाला की तो शेकडा पाचांवर जातो. टाकीत मासे असताना आम्लयुक्त झालेल्या पाण्यात घाईने सोडा घालणाऱ्याच्या हातून काय अनर्थ होईल, हे यावरून उघड आहे. मासे नसताना ही भीती नाही. जिवावर बेतणारी चूक येथे केवळ काही दिवसांची मुदतवाढ मागते. बिनमाशांच्या पद्धतीचा माझ्या लेखी सर्वांत मोठा गुण हाच.

नायट्राइट अडले असेल तर आधी वर सांगितल्याप्रमाणे पाणी पातळ करून मोजावे, मग सामू पाहावा, मग अमोनियाची मात्रा अर्धी करून ती दोन-तीन दिवसांआड घालावी. आणि एवढ्यानेही काम न झाले तर अर्धे पाणी बदलावे. पाणी बदलल्याने जिवाणू वाहून जातील ही भीती निराधार आहे, कारण त्यांचा वास पाण्यात नव्हे, पृष्ठभागांवर असतो. उलट नव्या पाण्याबरोबर कार्बोनेट येते, फॉस्फेट येते, आणि साचलेले नायट्राइट उतरते. पाणी आरओचे असेल तर चिमूटभर मत्स्यखाद्य टाकीत कुजू द्यावे. फॉस्फेटची गरज तेवढ्याने भागते.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. पाणी दुधट झाले तर ते दुसऱ्याच जातीच्या, सेंद्रिय द्रव्यावर पोसणाऱ्या जिवाणूंचे उधाण असते आणि काही दिवसांत ओसरते. काचेवर तपकिरी थर आला तर तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असून पुसला जातो. टाकीत वनस्पती दाट असतील तर त्या अमोनिया परस्पर खातात, आणि मग नायट्राइट दिसलेच नाही तरी काळजीचे कारण नाही.

बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या बाटल्यांविषयी सरसकट हुकूम देता येत नाही. हे जिवाणू बीजाणू धरीत नाहीत, म्हणून कोरड्या भुकटीच्या रूपात ते वर्षानुवर्षे जिवंत राहतात या दाव्यावर माझा विश्वास नाही. द्रवरूप बाटली ताजी आणि थंड जागी ठेवलेली असेल तर ती उपयोगी पडू शकते. शिवाय जुनी पुस्तके नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टरकडे देत असली, तरी 1998 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करतात असे दिसून आले. 2005 साली तर सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातील वाळूतून आर्किया या सर्वस्वी निराळ्या कुळातला, अमोनियावर जगणारा सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला, आणि 2015 साली नायट्रोस्पिरांपैकी काही अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सारा प्रवास एकट्यानेच करतात हेही सिद्ध झाले. आपल्या टाकीत कोण वस्तीला येईल हे बाटलीवरील नाव ठरवीत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या माणसाच्या निरोगी, जुन्या टाकीतील फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. दह्याला जसे विरजण, तसा तो नव्या टाकीला लागू पडतो, आणि महिन्याचे काम पंधरवड्यावर येते. मात्र तो वाटेत वाळू देऊ नये.

परीक्षा कोणती, तर 2 मिलिग्रॅम अमोनियाची मात्रा सायंकाळी घालावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि हाच निकाल दोन-तीन दिवस टिकला, तर टाकी मुरली. या दिवसांत नायट्रेट पुष्कळ साचलेले असते, म्हणून तीन-चतुर्थांश पाणी क्लोरीनरहित पाण्याने बदलावे आणि एक-दोन दिवसांत मासे आणावेत. मासे आणण्यास विलंब होणार असेल तर अमोनियाची लहान मात्रा अधूनमधून घालीत राहावे, नाहीतर वस्तीला आलेले जिवाणू उपासमारीने क्षीण होतील. पुढे फिल्टरचा स्पंज धुण्याची वेळ येईल तेव्हा तो नळाखाली धरू नये. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने पिळावा.

दुकानदारांना माझी एक विनंती आहे. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकण्याची प्रथा त्यांनी सोडावी. गिऱ्हाइकाला आज टाकी, फिल्टर, नवसागराची पुडी आणि तपासणीचा संच द्यावा, आणि मासे घ्यावयास महिन्याने बोलवावे. आणि गिऱ्हाइकानेही दुकानदाराने तसे सांगितले नाही तरी मासे त्या दिवशी घेऊ नयेत.